तापीच्या खोऱ्यातले षट्कोन: अनोळखी सप्लिमेंट टेबलावर कशी उतरवायची

[दृश्य: सतरंजीवर पसरलेले फासे, पेन्सिल, स्पायरल घातलेली काळी-पांढरी पुस्तिका]

डन्जन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे टेबलाभोवती बसून पात्रं होऊन, फासे टाकत गोष्ट रचायचा खेळ, 1974 साली बाजारात आला. दोन वर्षांत दुसऱ्याच लोकांनी त्याला जोडपुस्तकं काढायला सुरुवात केली. 1976 मध्ये वी वॉरियर्स या छोट्या प्रकाशनानं एक सुटं, तयार साहस विकायला आणलं. त्याच वर्षी इलिनॉयमधल्या डिकेटर गावात बॉब ब्लेडसॉ आणि बिल ओवेन यांनी जजेस गिल्ड सुरू केली. त्यांनी विकलं एक अख्खं शहर: गल्ल्यांचा नकाशा, दुकानं, दुकानदार, कोणत्या चौकात कोण भेटेल याचे तक्ते. मूळ कंपनी टीएसआर असलं काही अजून छापतही नव्हती.

थर्ड-पार्टी सप्लिमेंट म्हणतात ते हेच. खेळ एकाचा, जोडपुस्तक दुसऱ्याचं. खान्देशात ही पुस्तकं दुकानात मिळत नाहीत. परदेशातून मागवली तर टपालखर्च पुस्तकाच्या किमतीला भिडतो. त्यामुळे जळगाव असो की धुळं, इथल्या टेबलावर येते ती पीडीएफ.

आता पीडीएफ तर ढिगानं पडल्या आहेत. घ्यायची कोणती?

[दृश्य: मोबाइलवर सरकणारी पानं, बोट एका तक्त्यावर थांबतं]

मुखपृष्ठावरचा ड्रॅगन बघून घेऊ नका. नवे मॉन्स्टर, नवे क्लास (पात्रांचे पेशे), नव्या तलवारी यांची संख्या मोठ्या अक्षरांत छापलेली असते, पण टेबलावर त्यातलं फारसं वापरलं जात नाही. नमुन्याच्या पानांत तीन गोष्टी शोधा. फाशांचे तक्ते आहेत का? आहेत, तर त्यातली एक ओळ वाचून लगेच काहीतरी घडवता येतं का? "एक रहस्यमय प्रवासी" ही ओळ कुचकामी. "मिठाचे सहा बैल हरवलेला व्यापारी, तीन दिवसांत माल पोचला नाही तर जामीनदार आत जाणार" ही ओळ अर्धं सेशन (खेळाची एक बैठक) चालवते. तिसरी गोष्ट, लेखकानं पद्धत दिली आहे का, म्हणजे काय झालं की कोणता फासा टाकायचा आणि त्यानंतर काय.

पद्धतीसाठी घ्यावं असं एक पुस्तक म्हणजे डेव्हिड मॅक्ग्रोगन यांचं 'यून-सुईन'. 2015 सालचं. तिबेट, बंगाल, ब्रह्मदेश यांची छाया असलेला कल्पित प्रदेश. त्यात तयार गोष्ट जवळजवळ नाहीच, आहेत ते तक्ते, आणि त्यांतून प्रत्येक डीएमचं (खेळ चालवणाऱ्याचं) शहर वेगळं निघतं. दुसरं, 2003 चं 'अ मॅजिकल मिडीव्हल सोसायटी: वेस्टर्न युरोप'. गावाला किती शेत लागतं, शहरात कोणते धंदे किती, याचा हिशेब मांडणारं. पण त्यातले आकडे जसेच्या तसे उचलू नयेत. ते गणित पश्चिम युरोपच्या पावसावर आणि जहागिरीवर उभं आहे. आपल्याकडे पाऊस चार महिने, मग खरीप, मग रब्बी, आणि एप्रिल-मेमध्ये भुसावळच्या उन्हात दुपारी बाराला चालणारा नायक गोष्टीत टिकत नाही. हिशेब करायची रीत घ्या, आकडे आपले घाला.

[दृश्य: झेरॉक्सच्या दुकानातलं मशीन, बाहेर येणारे कागद]

छापण्यात पहिली गडबड कागदाच्या मापाची होते. अमेरिकी पीडीएफ लेटर मापाच्या असतात, 21.6 बाय 27.9 सेंटिमीटर. आपला ए-4 म्हणजे 21 बाय 29.7. दुकानदार "फिट टू पेज" ठेवतो, पान सुमारे 97 टक्क्यांवर येतं. मजकुराला त्यानं काही होत नाही. पण लढाईचा नकाशा असेल तर एक इंचाचा चौकोन 25.4 ऐवजी 24.7 मिलिमीटर होतो, आणि 100 टक्क्यांवर छापलेल्या दुसऱ्या तुकड्याशी त्याच्या रेषा जुळत नाहीत. नकाशाची पानं वेगळी काढून "अ‍ॅक्च्युअल साइझ"वरच छापा. कडेचे काही मिलिमीटर कापले गेले तरी चालेल.

पुस्तिका करायची असेल तर पानांची संख्या चारच्या पटीत हवी, आणि दोन्ही बाजूंनी छापताना "फ्लिप ऑन शॉर्ट एज". लाँग एज राहिलं तर दर दुसरं पान उलटं येतं. आतल्या पानांना 75 किंवा 80 जीएसएम, मॉन्स्टरच्या कार्डांना 250 च्या पुढे. चाळीस-पन्नास पानांपर्यंत मधोमध पिना ठीक. त्यावर गेलं की मधली पानं बाहेर सरकतात, तेव्हा सरळ स्पायरल. काळ्या पार्श्वभूमीची पानं छापू नयेत, शाई खातात आणि पेन्सिलची खूणही दिसत नाही. बरेच प्रकाशक छपाईसाठी साधी प्रत सोबत देतात. डाउनलोडच्या यादीत ती खाली कुठंतरी पडलेली असते.

[दृश्य: वहीत आकडेमोड]

आता खरी मेहनत. जुन्या नियमांचं साहस खेळाच्या पाचव्या आवृत्तीत आणायचं. आर्मर क्लास, म्हणजे एसी, जुन्या खेळांत उलटा चालायचा, कमी आकडा म्हणजे चांगला बचाव. 1981 च्या बेसिक नावाच्या सोप्या आवृत्तीत चिलखत नसलेल्याचा एसी 9, म्हणून 19 मधून वजा करा. अ‍ॅडव्हान्स्ड या दुसऱ्या शाखेच्या पहिल्या आवृत्तीत तोच 10, तिथं 20 मधून. पुस्तक कोणत्या घराण्यातलं हे न बघता एकच सूत्र लावलं की सगळे मॉन्स्टर एका आकड्यानं चुकतात. 2000 नंतरच्या तिसऱ्या आवृत्तीच्या पुस्तकांत एसी सरळ आहे, पण तिथं अडचण कौशल्याच्या आकड्यांची. त्या काळचा डीसी (काम जमायला फाशावर गाठायचा आकडा) 28 किंवा 30 पाचव्या आवृत्तीत जवळजवळ अशक्य होतो, कारण इथं प्रोफिशिअन्सी बोनस (सरावामुळे फाशात मिळवायचा आकडा) पात्राच्या पहिल्या लेव्हलला +2 आणि विसाव्यालाही फक्त +6. सगळे डीसी 10, 15, 20 या तीनच खणांत टाका. मॉन्स्टर तर रूपांतरित करूच नका. जवळचा एखादा मोफत एसआरडीमधून (प्रकाशकानं खुल्या केलेल्या मूळ नियमांच्या दस्तऐवजातून) उचला आणि वर्णन जुन्या पुस्तकातलं ठेवा.

सगळ्यात मोठा खड्डा सोन्याचा. जुन्या बेसिकमध्ये एक सोन्याचं नाणं शोधून आणलं की एक एक्सपी, म्हणजे लेव्हल चढायला लागणारा अनुभवाचा गुण. फायटरला दुसऱ्या लेव्हलसाठी 2,000, क्लेरिकला 1,500, चोराला 1,200, मॅजिक-यूझरला 2,500. चौघांचे मिळून 7,200, आणि त्यातला मोठा वाटा खजिन्यातून यायचा. म्हणून पहिल्या लेव्हलच्या तळघरात पाच-सहा हजार नाणी लपवलेली असणं तिथं रीतसर आहे. तेच तळघर पाचव्या आवृत्तीत जसंच्या तसं चालवलं तर? इथं दुसऱ्या लेव्हलला 300 एक्सपी पुरतात आणि सोन्याचा एक्सपी नाही. सोनं नुसतं खिशात साठतं. प्लेट आर्मर 1,500 ला मिळतं. फायटरनं ते घातलं, ढाल धरली, एसी 20. वीस बाजूंचा फासा अधिक 4 ही बेरीज एसीला भिडली तरच गॉब्लिन या किरकोळ मॉन्स्टरचा वार लागतो, म्हणजे आता वीसपैकी पाचच आकड्यांवर. पुढची तीन सेशनं फुकट.

उपाय दोन. नाणी दहाव्या हिश्श्यावर आणा, हा सोपा. दुसरा जास्त मजेचा: किंमत तीच ठेवा, पण रूप बदला. नाण्यांऐवजी कापसाच्या गाठी, मीठ, नीळ, तांब्याची भांडी. पन्नास नाण्यांचं वजन नियमात एक पौंड धरलंय. गाठीला ती सवलत नाही. बैलगाडी लागते, गाडीला वाट लागते, वाटेवर जकात लागते, आणि खेळ आपोआप पुढं सरकतो.

भुयारांबद्दलच्या सप्लिमेंटमध्येही असाच घोळ होतो. 2017 च्या 'व्हेन्स ऑफ द अर्थ'मध्ये उजेड हेच चलन आहे, जमिनीखाली सगळे उजेडाचे तास मोजतात. जुन्या नियमांतही मशाल सहा टर्न, म्हणजे एक तास जळते, आणि दर दोन टर्नला सहा बाजूंच्या फाशावर 1 आला तर कुणीतरी समोर येतं. एका मशालीत तीन तपासण्या, गाठ पडायची शक्यता सुमारे 42 टक्के. पाचव्या आवृत्तीत मात्र एल्फ, ड्वार्फ, हाफ-ऑर्क सगळ्यांना डार्कव्हिजन (अंधारात दिसण्याची शक्ती), आणि विझर्डकडे फुकटचा लाइट मंत्र. उजेडाची टंचाईच संपली. निदान नियमात लिहिलेलं तरी पाळा: डार्कव्हिजनला अंधार हा अंधूक उजेडासारखा दिसतो, त्यामुळे नजरेच्या पर्सेप्शनला (आसपासचं टिपण्याच्या कौशल्याला) डिसअ‍ॅडव्हान्टेज (दोन फाशांतला कमी आकडा धरणं) आणि पॅसिव्हमधून (फासा न टाकता धरायच्या आकड्यातून) 5 वजा. बहुतेक टेबलांवर हे वजा 5 कुणी करत नाही.

[दृश्य: आडव्या ए-4 कागदावर षट्कोनी जाळी, त्यावर निळी रेघ उमटत जाते: तापी]

जजेस गिल्डच्या नकाशांत प्रदेश षट्कोनी घरांत वाटलेला असे, आणि एक षट्कोन पाच मैलांचा होता. आपल्याला किलोमीटर बरे. 10 किलोमीटरचा षट्कोन घ्या आणि कागदावर तो 1 सेंटिमीटरचा काढा. अक्कलकुव्यापासून मुक्ताईनगरापर्यंत आणि सातपुड्यापासून अजिंठ्याच्या डोंगरापर्यंतचा खान्देश एका आडव्या ए-4 वर मावतो. हे माप दोन कारणांनी सोयीचं आहे. पाचव्या आवृत्तीत दिवसाची चाल 24 मैल, म्हणजे साधारण 39 किलोमीटर, म्हणून दिवसाला चार षट्कोन. जळगाव ते धुळं सरळ रेषेत 80 किलोमीटरच्या आसपास, दोन दिवसांची वाट. आणि सपाट जमिनीवर उभ्या माणसाला क्षितिज पाच किलोमीटरच्या थोडं आत दिसतं, म्हणजे षट्कोनाच्या मध्यावर उभं राहिलं की नजर जवळजवळ कडेपर्यंत पोचते.

पण ही नजर उन्हाळ्यातली. भाद्रपदात ज्वारी डोक्यावर गेली की वाटेवरून पन्नास पावलंही दिसत नाहीत. ऋतू बदलला की तक्ता बदला, इंग्रजी सप्लिमेंटमधले स्प्रिंग आणि विंटर खोडून टाका. पावसाळ्यात काळ्या जमिनीवर चाल निम्मी, गाडीची त्याहून कमी. तापीला पूर असेल तर नदी ओलांडणं बंद. धरणं नसलेल्या काळाचा खेळ आहे, त्यामुळे उतार आणि नावा असलेली गावं महत्त्वाची होतात. थाळनेर तापीच्या काठावरच आहे, आणि फारुकी सुलतानांची पहिली राजधानी तिथं होती हे उगाच नव्हे. 1601 मध्ये अकबरानं असीरगड घेतला आणि फारुकींचं राज्य संपलं. त्याआधीची पाच-दहा वर्षं कॅम्पेनला (अनेक सेशनं चालणाऱ्या गोष्टीला) फार चांगली: सुलतान डळमळीत, बुऱ्हाणपुरात पैसा, आणि प्रत्येक गढीवाला वारं कुठून येतंय ते बघणारा.

वाट चुकण्याचा नियम प्रत्येक सप्लिमेंटमध्ये असतो. आपल्याकडे त्याला चकवा तयारच आहे. सर्व्हायव्हल (रानात वाट काढण्याचं कौशल्य) डीसी 15, हुकला तर सहा बाजूंचा फासा टाका. षट्कोनाला सहाच बाजू, 1 म्हणजे उत्तर, पुढं घड्याळाच्या दिशेनं. त्या बाजूच्या षट्कोनात मंडळी पोचतात आणि त्यांना हे सांगायचं नाही. मात्र दिवसाढवळ्या मोकळ्या मैदानात हा फासा टाकू नये. उत्तरेला सातपुडा दिसत असताना तिथं कोण चुकणार? चकवा रात्रीसाठी, धुक्यासाठी आणि तापीकाठच्या घळींसाठी राखून ठेवा. त्या घळींत शिरलं की डोंगर खरोखर दिसेनासा होतो.

गाठीभेटींचा तक्ता 2डी6 वर, म्हणजे सहा बाजूंच्या दोन फाशांच्या बेरजेवर, करा. 7 छत्तीसपैकी सहा वेळा येतो, 2 आणि 12 एकेकदाच. म्हणून 6 ते 8 वर रोजचं: लमाणांचा तांडा, जकातीचे शिपाई, यात्रेला निघालेली कुटुंबं. टोकांवर वेताळ, पाण्यातल्या आसरा. जुन्या पुस्तकांत डोंगरातले लोक सरसकट "हल्ला करणारी टोळी" म्हणून टाकलेले असतात. त्या ओळीत भिल्ल किंवा पावरा हे नाव घालू नका. हे आळशी काम आहे, आणि खेळही बिघडतो. त्यापेक्षा जुन्याच नियमातला प्रतिक्रियेचा फासा वापरा. 2डी6 मध्ये 2 आला तरच तडक हल्ला, म्हणजे छत्तीसात एकदा. 6 ते 8 ला समोरचा अजून ठरवतोय. 12 ला मनापासून मैत्री. डोंगरातली वाट माहीत असलेला माणूस मित्र झाला तर तो पाच तलवारींपेक्षा कामाचा.

असं वळवलेलं पुढं विकायचं असेल तर परवान्याचं बघावं लागतं. घरच्या टेबलासाठी काहीच लागत नाही. एसआरडी 5.1 जानेवारी 2023 पासून क्रिएटिव्ह कॉमन्सच्या सीसी-बाय 4.0 खाली आहे. त्यात दिलेली श्रेयाची ओळ छापली की त्यातले नियम वापरून विकता येतं. बीहोल्डर, माइंड फ्लेअर या मॉन्स्टरांचे आकडे त्यात नाहीत, ते घेऊ नयेत. दुसऱ्या लेखकाच्या सप्लिमेंटमधला तक्ता त्याच्या परवान्याशिवाय उचलता येत नाही, मग त्यात तुम्ही सगळी गावं बदललेली का असेनात.

[दृश्य: सारंगखेड्याच्या यात्रेतले घोडे, लगाम धरून उभे असलेले व्यापारी]

शेवटी एक तक्ता, आजच वापरता येईल असा. दत्तजयंतीला सारंगखेड्यात तापीकाठी घोड्यांचा बाजार भरतो. नियमपुस्तकात सवारीचा घोडा 75 सोन्याला, कुठंही, कधीही. बाजारात असं नसतं. 2डी6 टाका, दहानं गुणा. भाव 20 ते 120, सरासरी 70, म्हणजे पुस्तकाच्या जवळच. 40 किंवा त्याहून कमी आला तर घोड्याला खोड आहे, हे छत्तीसात सहादा होतं. खोडीसाठी सहा बाजूंचा फासा: 1 पाण्याला बुजतो, 2 डाव्या बाजूनं बसू देत नाही, 3 रात्री दावं तोडतो, 4 दम लवकर लागतो, 5 कपाळावर अशुभ भोवरा, 6 चोरीचा आहे. अ‍ॅनिमल हँडलिंग (जनावर हाताळण्याचं कौशल्य) डीसी 15 जमलं तर पहिल्या पाचांतली खोड सौद्याआधी कळते. सहावी कळत नाही. ती पुढच्या सेशनला, मालक समोर उभा राहिल्यावर.