पैसे मोजून घेतलेली पाळत

नमस्कार श्रोतेहो.

नवी सीडी आणली की तिच्यावरचं घट्ट बसलेलं प्लास्टिक नखानं सोडवायचं, आतली पुस्तिका उघडून गाण्यांची यादी वाचायची, आणि मग तबकडीवर बोटांचे ठसे उमटू नयेत म्हणून ती कडेनं धरून अलगद आत ठेवायची. तुमच्यापैकी अनेकांनी हे केलं असेल. असंच सगळं करून, दुकानात पूर्ण पैसे मोजून सीडी आणणाऱ्या लोकांचं अमेरिकेत २००५ साली काय झालं, ते आज मला तुम्हाला सांगायचं आहे.

मार्क रसिनोविच हे विंडोजच्या खाचाखोचा जाणणारे तज्ज्ञ. संगणकात लपून बसलेले प्रोग्राम हुडकून काढणारं एक साधन त्यांनीच लिहिलं होतं. एक दिवस त्यांनी ते स्वतःच्या मशीनवर चालवलं आणि पडद्यावर अशा फाइल्सची नावं आली, ज्या फोल्डर उघडला तर दिसतच नव्हत्या. घुसखोर संगणकात शिरतात आणि आपल्या खुणा मालकाला दिसू नयेत अशी व्यवस्था करतात, त्या तंत्राला ‘रूटकिट’ म्हणतात. इतक्या जाणत्या माणसाच्या मशीनमध्ये हे आलं कुठून? शोध घेत घेत ते पोचले सोनी बीएमजी या संगीत कंपनीच्या एका सीडीपाशी. व्हॅन झँट बंधूंच्या गाण्यांची ही सीडी त्यांनी रीतसर विकत घेतली होती.

त्यांनी केलेला एक छोटा प्रयोग सांगतो, म्हणजे यातली भीती नीट कळेल. लपवलेल्या सगळ्या फाइल्सच्या नावांची सुरुवात सारखीच होती: डॉलरचं चिन्ह, मग एस-वाय-एस ही अक्षरं, मग पुन्हा डॉलर. रसिनोविच यांनी आपल्या साध्या नोटपॅडची एक प्रत काढली आणि तिच्या नावाच्या सुरुवातीला हीच अक्षरं जोडली. क्षणात ती प्रत डोळ्यांसमोरून नाहीशी झाली. म्हणजे हा पडदा फक्त त्या कंपनीपुरता नव्हता. ज्याला ही पाच अक्षरं ठाऊक, त्यानं यावं आणि याच पडद्याआड लपून बसावं! आणि तसंच झालं. रसिनोविच यांनी ३१ ऑक्टोबरला हे सगळं जाहीर केलं, आणि नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातच या आडोशाचा फायदा घेणारे घातक प्रोग्राम फिरू लागले.

सीडीतून मशीनमध्ये शिरलेलं हे सॉफ्टवेअर होतं एक्ससीपी नावाचं, ‘फर्स्ट ४ इंटरनेट’ या ब्रिटिश कंपनीनं बनवलेलं. काम काय, तर सीडीच्या मोजक्याच प्रती निघू द्यायच्या. त्यासाठी ते दर दोन सेकंदांनी मशीनवर चालू असलेले सगळे प्रोग्राम तपासत बसायचं. गाणी बंद असली तरीही. त्यातल्या एका भागाला नावही असं दिलेलं, की वाचणाऱ्याला तो विंडोजचाच वाटावा. आणि काढून टाकण्याची सोयच नव्हती. रसिनोविच यांनी ते हातानं उपटून काढलं, तर मशीनमधून सीडी ड्राइव्हच गायब! ते तज्ज्ञ होते, म्हणून त्यांनी तो परत आणला. ज्याला संगणक फक्त गाण्यांपुरता आणि पत्रांपुरता वापरायचा आहे, त्यानं काय करायचं?

गाण्यांच्या चोरट्या प्रतींनी कलाकारांचं नुकसान होतं, हे मला मान्य आहे. पण बघा, ज्यानं इंटरनेटवरून फुकट गाणी उतरवली, त्याच्या मशीनला काहीच झालं नाही. दुकानात जाऊन पैसे देणाराच यात सापडला. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय?

आणि तक्रार केल्यावर उत्तर काय मिळालं? सोनी बीएमजीचे एक वरिष्ठ अधिकारी अमेरिकेच्या सार्वजनिक रेडिओवर म्हणाले, बहुतेक लोकांना रूटकिट म्हणजे काय हेच माहीत नसतं, मग त्यांनी त्याची फिकीर का करावी? मीही रेडिओवरूनच बोलतोय, म्हणून हे वाक्य मला फार लागतं. ऐकणाऱ्याला कळत नाही, म्हणून त्याच्या घरात काहीही करायला मोकळीक आहे?

पुढे कंपनीनं ते काढायचा मार्ग दिला. त्यासाठी अर्ज भरायचा, ईमेलची वाट पाहायची, आणि मग जे हाती यायचं त्यानं मशीनला नवंच भगदाड पडायचं; कुठलीही वेबसाइट त्यातून आत शिरू शकेल असं. प्रिन्स्टन विद्यापीठाचे एड फेल्टन आणि ॲलेक्स हॅल्डरमन यांनी ते उघड केलं. मीडियामॅक्स नावाचं दुसरं एक सॉफ्टवेअर याच कंपनीच्या इतर सीडींवर होतं. त्याच्या अटी वाचून तुम्ही ‘नाही’वर टिचकी मारलीत, तरी त्याच्या फाइल्स मशीनवर राहायच्याच. मला विचाराल तर हे रूटकिटपेक्षाही वाईट. तिथं निदान त्या लपवाछपवीबद्दल विचारलंच नव्हतं. इथं विचारून, नकार ऐकून, तो धुडकावला.

हेच हॅल्डरमन विद्यार्थी असताना, २००३ मध्ये, मीडियामॅक्सची आधीची आवृत्ती त्यांनी तपासली होती. सीडी घालताना शिफ्टचं बटण दाबून धरलं की ते कुलूप चालूच होत नाही, असं त्यांनी दाखवून दिलं. ते बनवणाऱ्या सनकॉम कंपनीनं खटल्याची धमकी दिली आणि एका दिवसात मागे घेतली. ज्याला प्रती काढायच्याच असतील, त्याला हे कुलूप अडवत नव्हतं. अडत होता तो साधा ग्राहक.

लोक मात्र गप्प बसले नाहीत. ५२ अल्बमांवर एक्ससीपी होतं, सुमारे २१ लाख सीडी विकल्या गेल्या होत्या. २००५ च्या नोव्हेंबरच्या मध्यावर सोनी बीएमजीला त्या बाजारातून परत घ्याव्या लागल्या. टेक्सस राज्यानं खटला भरला, ग्राहकांनी सामूहिक दावे लावले. २००७ च्या जानेवारीत सरकारच्या व्यापार आयोगाशी तडजोड झाली, तेव्हा मशीन दुरुस्त करायला आलेला खर्च, १५० डॉलरपर्यंत, भरून द्यायचं कंपनीला कबूल करावं लागलं.

ज्यांनी जुनी सीडी परत पाठवली, त्यांना तीच गाणी साध्या, बिनकुलपाच्या सीडीवर मिळाली. आणि सोबत त्याच गाण्यांच्या एमपीथ्री फाइल्सही, कितीही प्रती काढता येतील अशा.

नमस्कार.