जांभळी पेन्सिल

(दृश्य: पत्र्याची ट्रंक. वह्यांच्या खाली घडी घातलेला, पिवळट कागद.)

पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये लढणाऱ्या हिंदी शिपायांची पत्रं बुलोनच्या सेन्सॉर कचेरीत वाचली जात. तिथे काढलेले उतारे आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत, पण इंग्रजी भाषांतरात. मूळ पत्रं पुढे घरोघरी गेली. म्हणून अपशिंग्यासारख्या सैनिकांच्या गावात माळ्यावर एखादं पत्र निघालं, तर शिपायाचे मूळ शब्द तेवढ्या कागदावरच असतात.

उलगडण्याआधी अक्षर कशाने लिहिलंय ते बघायचं. आघाडीवर दौत कोण सांभाळणार? तिथे कॉपिंग पेन्सिल चाले. तिच्यात ग्रॅफाइट, माती आणि जांभळा अॅनिलिन रंग. कोरडं अक्षर साध्या शिसपेन्सिलीसारखं करडं दिसतं. ओल लागली की जांभळं होऊन पसरतं, आणि पसरलेलं अक्षर परत आणता येत नाही. भिंगातून कुठेही जांभळी झाक दिसली, तर कडक कागदाला वाफ देऊन मऊ करायचा नेहमीचा उपाय इथे वर्ज्य. गव्हाच्या खळीने फाटलेलं जोडणंही अक्षरांपासून लांबच.

(दृश्य: कोरडे हात, चपटी पट्टी.)

हात धुऊन पूर्ण कोरडे करा. दोन्ही बाजूंचे फोटो काढा, मग एकेक घडी चपट्या पट्टीने उचला. अडली तर थांबा. जुना कागद घडीवरच तुटतो. गंजलेली टाचणी ओढू नका, गंजाला चिकटलेला कागद तिच्याबरोबर निघतो.

(दृश्य: खोली अंधारी. दिवा टेबलाच्या पातळीवर.)

आता तिरपा उजेड. पेन्सिलीच्या दाबाने कागदात चरे पडलेले असतात. रंग उडाला तरी त्या चऱ्यांची सावली पडते आणि ओळ उमटते. दिवा चारही बाजूंनी फिरवून प्रत्येक वेळी फोटो घ्या.

मजकूर मोडीत असेल तर शब्द सलग असतात, ऱ्हस्व-दीर्घही वेगळं नसतं. जाणकाराकडे फोटो पाठवा, मूळ पत्र नव्हे. हस्ताक्षर त्याच शिपायाचं असेल असंही नाही. लिहिता न येणारे दुसऱ्याला मजकूर सांगत. ठिकाण लिहायला बंदी असे, म्हणून शिक्क्यातला फील्ड पोस्ट ऑफिसचा, म्हणजे आघाडीवरच्या लष्करी टपाल कचेरीचा, नंबर आणि तारीख आधी टिपा. पलटण कुठे होती याचा माग तिथून लागतो.

सेलोटेप नको, लॅमिनेशन तर नकोच. प्लॅस्टिकच्या पाकिटातली स्थिर वीज पेन्सिलीची भुकटी ओढून घेते, त्यापेक्षा आम्लविरहित कागदाचं फोल्डर बरं. कागद संपला की शेवटचं वाक्य कडेला आडवं लिहीत. फोटोच्या चौकटीत ते यायलाच हवं.