खिशातली नोट आणि डब्यातली नोट

[दृश्य: हैदराबाद रस्त्यावरील बाजार समितीचे आवार, पहाट. कांद्याच्या गोण्या, वजनकाटा, चहाची टपरी.]

निवेदन:
हिवाळ्यातल्या एखाद्या पहाटे सोलापूरच्या बाजार समितीत उभे राहिले, तर एकाच मालाचा पैसा किती निरनिराळ्या वाटांनी फिरतो, हे तासाभरात ध्यानात येते. शेतकऱ्याच्या हाती अडत्याची पट्टी पडते आणि हमाली, तोलाई, गाडीभाडे वजा जाता उरलेली रक्कम त्याला धनादेशाने मिळते किंवा खात्यावर जमा होते. गोण्या उचलणाऱ्याला मात्र रोखच लागते. टपरीवर चहाच्या पातेल्याशेजारी स्कॅनर चिकटवलेला असतो.

2023 च्या फेब्रुवारीत बार्शी तालुक्यातील एका शेतकऱ्याला याच बाजारात 512 किलो कांदा विकून सर्व खर्च वजा जाता दोन रुपये मिळाले, आणि तेही पुढच्या तारखेच्या धनादेशाने. ही बातमी देशभर गाजली. चर्चा भावाची झाली आणि ती रास्तच होती. परंतु दोन रुपयांचा धनादेश वटवण्यासाठी बँकेपर्यंत जाऊन येण्याचा खर्च दोन रुपयांहून कितीतरी जास्त असतो, हा त्या बातमीतला दुसरा धागा आपल्या विषयापर्यंत येतो. पैसे देण्याघेण्याची रीत बदलली, की माणसे किती पैसा आणि कोणत्या रूपात जवळ बाळगतात, हेही बदलते.

अर्थशास्त्र याला पैशाची मागणी म्हणते. हा शब्द थोडा फसवा आहे, कारण पैसा नको असलेला माणूस सापडायचा नाही. येथे प्रश्न एवढाच, की आपल्या मालकीचे जे काही आहे, त्यातले किती सोन्यात, मुदत ठेवीत, सुतात किंवा बियाण्यात न गुंतवता, वाटेल तेव्हा खर्च करता येईल अशा रूपात ठेवायचे.

[दृश्य: सोलापूरचा पूर्व भाग. यंत्रमागांचा खडखडाट, टॉवेल विणले जात आहेत.]

निवेदन:
अर्थतज्ज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांनी 1936 मध्ये पैसा जवळ ठेवण्याचे तीन हेतू सांगितले: रोजचे व्यवहार, अडीअडचणीची तजवीज आणि सट्टा. त्यातल्या पहिल्या हेतूचा हिशेब विल्यम बॉमोल यांनी 1952 मध्ये आणि जेम्स टोबिन यांनी 1956 मध्ये मांडला. तो सोलापुरातल्या यंत्रमाग कामगाराच्या घरात बसवून पाहता येतो.

समजा, एका कामगाराच्या खात्यावर महिन्याला 18,000 रुपये जमा होतात आणि महिनाभर ते सारख्या वेगाने खर्च होतात. त्याने सगळी रक्कम एकदाच काढून आणली, तर पहिल्या दिवशी घरात 18,000 आणि शेवटच्या दिवशी शून्य, म्हणजे सरासरी 9,000 रुपये पडून राहतात. तीच रक्कम चार खेपांत काढली, तर सरासरी 2,250 वर येते. मग तो चार खेपा का करत नाही? कारण प्रत्येक खेपेला काही किंमत पडते: रिक्षाचे भाडे, रांगेतला वेळ, प्रसंगी बुडालेली अर्धी पाळी. बॉमोल आणि टोबिन यांच्या सूत्रानुसार जवळ बाळगलेली रोकड या खेपेच्या खर्चाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलते. खेपेचा खर्च एक चतुर्थांश उरला, तर रोकड निम्मी होते, आणि तो जवळजवळ शून्यावर आला, तर व्यवहारासाठी नोटा ठेवण्याचे कारणच उरत नाही.

सूत्राच्या दुसऱ्या बाजूला व्याज आहे. नोटा घरात ठेवल्यामुळे बुडणारे. बचत खात्यावर तीन टक्के व्याज धरले, तरी 9,000 रुपयांवर ते महिन्याला बावीस-तेवीस रुपये होते. एवढ्यासाठी कोणी रांगेत उभे राहत असेल असे वाटत नाही. पैसा हाताशी असला की खर्च होतो, ही भीती व्याजाच्या हिशेबापेक्षा मोठी असते आणि ती कोणत्याही सूत्रात नाही.

[दृश्य: किराणा दुकान. दुकानदार लाल कापडी पुठ्ठ्याची वही उघडतो, शेजारी साउंडबॉक्स.]

निवेदन:
2016 च्या एप्रिलमध्ये भारतीय राष्ट्रीय देयक महामंडळाने यूपीआयची चाचणी सुरू केली आणि खेपेचा तो खर्च खरोखरच शून्याजवळ आला. 2016-17 मध्ये यूपीआयचे व्यवहार दोन कोटींच्याही आत होते. 2024-25 मध्ये त्यांची संख्या 18,500 कोटींच्या पुढे गेली. दुकानदारांना होणारे बहुतेक व्यवहार 500 रुपयांच्या आतले असतात. म्हणजे शेंगा चटणीचा पाव किलोचा पुडा, कडक भाकरीची थप्पी, रिक्षाचे भाडे, असल्या खर्चातून नोट हटली आहे आणि तिच्याबरोबर सुट्ट्या पैशांची कटकटही.

परंतु फोनने फक्त नोटेला हटवले, असे म्हणणे अपुरे आहे. त्याने उधारीच्या या वहीलाही हटवले. गिरणगाव म्हणून वाढलेल्या या शहरात आठवड्याच्या पगारावर चालणारी घरे पिढ्यान्‌पिढ्या उधारीवर किराणा आणत आली. पगाराच्या संध्याकाळी वहीतली बाकी चुकती व्हायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिली ओळ लिहिली जायची. त्या घरात आठवडाभर पैसा नसायचा आणि त्याची फारशी गरजही नसायची, कारण पैसा पगाराच्या दिवशी येऊन त्याच रात्री जायचा. पैशाची मागणी कमी ठेवणारे ते फार जुने साधन होते. आता तेच घर साबणाची वडी जागच्या जागी पैसे देऊन घेत असेल, तर त्याला खात्यात सतत काहीतरी शिल्लक ठेवावी लागते. नोटांची मागणी उतरली, तरी खात्यातल्या पैशाची मागणी चढली. नव्या साधनाने पैशाची गरज सरसकट घटते, ही समजूत या वहीपाशी अडते.

व्यापाराच्या वरच्या पायरीवर गोष्ट वेगळी आहे. सूत खरेदीच्या मोठ्या रकमा एनईएफटी आणि आरटीजीएसने, म्हणजे बँकेतून बँकेत परस्पर पैसे पाठवण्याच्या सोयींनी, जातात. 2019 च्या डिसेंबरपासून एनईएफटी आणि 2020 च्या डिसेंबरपासून आरटीजीएस चोवीस तास, सुट्टीच्या दिवशीही चालू राहू लागले. शनिवारी-रविवारी अडायला नको म्हणून चालू खात्यात जी जादा रक्कम पडून ठेवावी लागे, ती ठेवण्याचे कारण त्यामुळे सैल झाले.

[दृश्य: एका घराच्या ओट्यावर विड्या वळणाऱ्या महिला. सुपात तेंदूची पाने आणि तंबाखू.]

निवेदन:
मग नोटा कमी झाल्या का? देशाचे आकडे पाहिले तर नाही. 8 नोव्हेंबर 2016 रोजी 500 आणि 1000 रुपयांच्या जुन्या नोटा रद्द झाल्या, त्या वेळी चलनात सुमारे 18 लाख कोटी रुपये होते. मार्च 2025 अखेर नोटांचे मूल्य 36 लाख कोटींच्या पुढे गेले होते. मधल्या काळात यूपीआय वाढत असताना नोटाही वाढल्या. देशाच्या उत्पन्नाशी असलेले त्यांचे प्रमाण 2015-16 मध्ये बारा टक्क्यांच्या आसपास होते, नोटबंदीनंतर ते नऊ टक्क्यांच्याही खाली गेले आणि 2020-21 मध्ये चौदा टक्क्यांच्या वर चढले. त्यानंतर ते उतरले आहे; पण फोन आल्याने नोट संपेल असे म्हणणाऱ्यांना हवे होते, तितके नाही.

या कोड्याचे उत्तर केन्स यांच्या दुसऱ्या हेतूत, अडीअडचणीच्या तजविजीत, आणि सोलापुरात ते विडी कामगार बाईच्या डाळीच्या डब्यात सापडते. हजार विड्यांच्या दराने मिळणाऱ्या मजुरीतून बाजूला काढलेली नोट खर्चासाठी ठेवलेली नसते. ती दवाखान्यासाठी, शाळेच्या फीसाठी आणि कधी कधी घरातल्या माणसांपासूनही लपवलेली असते. डिसेंबर 2016 च्या वटहुकमाने आणि पाठोपाठ आलेल्या कायद्याने ठरावीक उद्योगांत मजुरी धनादेशानेच किंवा खात्यावरच देण्याची सक्ती करण्याचा अधिकार सरकारांना दिला. मजुरी खात्यावर आली, तरी डबा रिकामा झाला नाही. टाळेबंदीच्या वर्षी उत्पन्न घटले, भीती वाढली आणि नोटांचे प्रमाण सर्वाधिक झाले, ही या डब्याचीच साक्ष आहे. खिशातली नोट आणि डब्यातली नोट दिसायला सारखी असली, तरी देयकाची नवी पद्धत पहिलीच्या जागी येते. दुसरीला ती हातही लावत नाही.

[दृश्य: होम मैदान, सिद्धेश्वराची गड्डा यात्रा. पाळणे, भज्यांची दुकाने, रात्र.]

निवेदन:
सणासुदीला नोटांची मागणी वाढते, हा रिझर्व्ह बँकेचा जुना अनुभव. 2022 च्या दिवाळीच्या आठवड्यात चलनातल्या नोटा वाढण्याऐवजी घटल्या, तेव्हा स्टेट बँकेच्या अर्थतज्ज्ञांनी त्याची आवर्जून नोंद घेतली. संक्रांतीच्या सुमारास गड्ड्यात मात्र, नंदीध्वजांच्या मिरवणुकीच्या गर्दीत फोनची रेंज मंदावली, की पाळणेवाला रोख मागतो. ज्याच्या खिशात दोनशे रुपये असतात, त्याची मुले पाळण्यात बसतात.

नोट मागण्याचे आणखी एक कारण आहे, त्याचा उच्चार सहसा होत नाही. जुलै 2025 मध्ये बंगळूरच्या छोट्या विक्रेत्यांना यूपीआयच्या जमा रकमांवरून वस्तू आणि सेवा कराच्या नोटिसा गेल्या, आणि कित्येकांनी स्कॅनर उतरवून रोख मागायला सुरुवात केली. फोनमधला पैसा आपली वाट लिहून ठेवतो, नोट ठेवत नाही.

[दृश्य: मंगळवार बाजार, संध्याकाळ. भाजीवाली ताडपत्री गुंडाळत आहे.]

निवेदन:
या बाजारात गिऱ्हाईक आता मोकळ्या हाताने येते. मेथीच्या जुडीचे वीस रुपये स्कॅनरवरून भाजीवालीच्या खात्यात जातात आणि गिऱ्हाइकापुरता नोटेचा प्रश्न मिटतो. पण उद्या पहाटे तिला घाऊक बाजारात माल उचलायचा आहे, टेम्पोवाल्याला आणि हमालाला जागेवर पैसे द्यायचे आहेत, आणि तिथे नोट लागते. गिऱ्हाइकाच्या खिशातून उठलेली रोकडीची गरज तिच्या वाट्याला आली आहे. महिन्यातल्या ठरावीक मोफत खेपा संपल्यावर एटीएममधून पैसे काढायला बँका 1 मे 2025 पासून दर वेळी 23 रुपयांपर्यंत शुल्क घेऊ शकतात. म्हणून ती रोज पैसे काढत नाही, दोन-तीन दिवसांचे एकदम काढते. पाटी रिकामी करून, पिशवीतले एटीएम कार्ड चाचपून, ती रस्त्यापलीकडच्या यंत्रासमोरच्या रांगेत जाऊन उभी राहते.