‘क्रीप’मधला कोमल धैवत

मित्रहो, नागपुरात धरमपेठेत म्हणा, लक्ष्मीनगरात म्हणा, कितीतरी घरांत एका खोलीत पेटी असते आणि दुसऱ्या खोलीत मुलांची गिटार. या दोन खोल्यांची फारशी ओळख नसते. म्हणून रेडिओहेड या इंग्लिश रॉक बँडच्या ‘क्रीप’ या गाण्याविषयी आज मी पेटी घेऊनच बसलो आहे.

गाणं बँडचा गायक थॉम यॉर्कनं एक्सेटर विद्यापीठात शिकत असताना रचलं. आवडलेल्या मुलीसमोर स्वतःला अगदीच क्षुद्र समजणाऱ्या पोराचं हे मनोगत आहे. 1992 साली बँड ऑक्सफर्डशरमधल्या चिपिंग नॉर्टनच्या स्टुडिओत गेला तो दुसरीच गाणी ध्वनिमुद्रित करायला. तालमीत सहज ‘क्रीप’ वाजवलं गेलं आणि यॉर्क बोलून गेला, हे आमचं स्कॉट वॉकरचं, म्हणजे त्या गायकाच्या ढंगाचं, गाणं. निर्माते शॉन स्लेड आणि पॉल कोल्डरी यांना वाटलं, गाणं खरंच स्कॉट वॉकरचं आहे, म्हणजे आपल्या काही उपयोगाचं नाही. पुढे ठरलेली गाणी काही केल्या जमेनात, तेव्हा त्यांनी ‘क्रीप’ वाजवायला सांगितलं. ते एकाच टेकमध्ये झालं आणि स्टुडिओत टाळ्या पडल्या.

ही गोष्ट सगळे नशिबाची म्हणून सांगतात. मला ते पटत नाही. गाण्याची बांधणीच अशी आहे की ते कानातून जात नाही.

पेटीची पांढरी पाच सा धरा. पहिली कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, सा-ग-प. दुसरी ग, कोमल ध (शुद्ध ध-पेक्षा अर्धा सूर खाली), नी. तिसरी म-ध-सा. चौथीत मध्यम (म) आणि षड्ज (सा) जागेवरच राहतात, फक्त धैवत (ध) कोमल होतो. आता प्रत्येक कॉर्डमधला एकेकच सूर घेऊन वाजवतो: पंचम, कोमल धैवत, शुद्ध धैवत, पुन्हा कोमल धैवत आणि परत पंचम. ऐकलंत? माणूस पायरी पायरीनं वर जातो, हिंमत करतो आणि तिथे टिकत नाही. गाणं सुरू झाल्यापासून संपेपर्यंत एवढंच चालतं, याच चार कॉर्ड. दोन्ही धैवत असे लागोपाठ आले की काय होतं, हे ठुमरी ऐकणाऱ्यांना मी काय सांगावं!

पण नुसत्या कॉर्डनी हे दुःख येत नाही, आणि त्याचा पुरावा हाताशी आहे. अल्बर्ट हॅमंड आणि माइक हेझलवूड यांचं ‘द एअर दॅट आय ब्रीद’ हे गाणं 1974 मध्ये द हॉलीज या बँडनं गाजवलं होतं. त्याच्याशी साम्य आहे म्हणून पुढे या दोघांची नावं ‘क्रीप’च्या श्रेयात आली. आणि ते गाणं आहे तृप्त माणसाचं, आता आणखी काही नको म्हणणाऱ्याचं! एकाच रागातली एक बंदीश मीलनाची आणि दुसरी विरहाची असावी, तसं हे झालं.

मग फरक कुठे पडला? माझ्या मते बँडचा गिटारवादक जॉनी ग्रीनवुडच्या हातात. त्याला हे गाणं फार मिळमिळीत वाटत होतं. ध्रुपद येण्याआधी त्यानं तारा दाबून धरून गिटारवर जोरात आघात केले. सूर नाही, नुसता खरखरीत दणका. जॉनी गाणं बिघडवायला निघाला होता, असं त्याचाच साथीदार एड ओब्रायन सांगतो. पण गाणाऱ्याच्या मनात दबलेला राग त्या दणक्यातूनच बाहेर आला. शब्दांत तो कुठेच इतका उघडा नाही.

सप्टेंबर 1992 मध्ये सिंगल आलं तेव्हा बीबीसी रेडिओ वनला ते फारच उदास वाटलं, आणि ब्रिटनमध्ये ते 78व्या क्रमांकाच्या वर गेलं नाही. इस्रायलमध्ये मात्र रेडिओ निवेदक योआव कुटनर यांनी ते रेडिओवर पुन्हा पुन्हा लावलं. मग अमेरिकेतली रेडिओ केंद्रंही वाजवू लागली. 1993 मध्ये ब्रिटनमध्ये पुन्हा प्रकाशित झालं, तेव्हा सातव्या क्रमांकावर पोचलं.

आता मूळ ध्वनिमुद्रण लावतो. गिटार शिकणाऱ्या मुलांनी धैवताकडे कान ठेवा आणि पेटीवाल्यांनी त्या दणक्याकडे.