जोर पंजात

(दृश्य : जहाजाची होल्ड, वरून. ग्रॅब खाली उतरतोय.)

होल्डमध्ये, म्हणजे जहाजाच्या माल भरायच्या पोटात, लोहखनिज आहे. एका घनमीटरचं वजन साधारण अडीच टन. प्रवासभर जहाज थरथरत आलं आणि त्या थरथरीनं माल दबत दबत घट्ट बसला. आता त्यावर दोन जबड्यांचा ग्रॅब, म्हणजे क्रेनला टांगलेला माल उचलायचा पंजा, टेकतोय.

दोराकडे बघा. ग्रॅब टेकला आणि दोर सैल पडला. क्रेन या क्षणी काहीही ओढत नाहीये. तरी जबडे मिटतायत, खनिजात रुततायत. हा जोर वरून येत नाही. हा हायड्रॉलिक ग्रॅब, म्हणजे तेलाच्या दाबावर मिटणारा. त्याच्या माथ्यावर मोटर आहे, पंप आहे, तेलाची टाकी आहे. क्रेनकडून त्याला फक्त एक हुक लागतो आणि एक विजेची केबल.

(दृश्य : चार दोरांचा ग्रॅब, संथ गतीत.)

हा दुसरा प्रकार, चार वायर रोपचा. दोन रोप ग्रॅबला पेलून धरतात, दोन त्याला मिटवतात. मिटवणारे रोप पुल्यांमधून वर खेचले जातात तेव्हा जबडे जवळ येतात, पण त्याच ओढीनं ग्रॅबही उचलला जातो. कुणी आपलं मनगट वर ओढत असताना ओल्या वाळूत मूठ रोवून बघा. मूठ भरायच्या आत हात वर आलेला असतो. म्हणून घट्ट मालासाठी दोरांचा ग्रॅब जड बनवावा लागतो, आणि तो जडपणा क्रेनच्या क्षमतेतून वजा होतो.

हिशोब करून पाहू. क्रेन 25 टनांची, ग्रॅब 9 टनांचा. मालासाठी उरले 16 टन. लोहखनिज असेल तर हे झाले 6.4 घनमीटर. तेच 16 टन कोळशाचे धरले, घनमीटरला 0.8 टन, तर 20 घनमीटर. म्हणजे क्रेन तीच, पण ग्रॅब तिप्पट मोठा हवा. कोळशाचा ग्रॅब खनिजात घातला तर क्रेनवर भार जास्त होतो. खनिजाचा कोळशात घातला तर क्रेन दिवसभर अर्धपोटी काम करते. मालाची घनता न विचारता ग्रॅब विकत घेणारे आजही आहेत. ते बघून वाईट वाटतं.

सुट्या मालासाठी, एकाच कामाला वाहिलेल्या वेगवान अनलोडरवर, म्हणजे जहाज रिकामं करणाऱ्या यंत्रावर, चार दोरांचा ग्रॅब आजही चांगला चालतो.

(दृश्य : जुनी कृष्णधवल छायाचित्रं.)

द्रवावर दाब देऊन काम करून घेण्याची युक्ती जुनी आहे. जोसेफ ब्रामा यांनी हायड्रॉलिक प्रेसचं पेटंट घेतलं 1795 मध्ये. विल्यम आर्मस्ट्राँग यांनी 1846 मध्ये न्यूकॅसलच्या धक्क्यावर पाण्याच्या दाबावर चालणारी क्रेन उभी केली. आणि जहाजातून खनिज उपसणारं हे अवाढव्य यंत्र जॉर्ज ह्युलेट यांचं. अमेरिकेत, ओहायोतल्या कॉनिऑट बंदरात, 1899 मध्ये ते पहिल्यांदा कामाला लागलं. ऑपरेटर कुठे बसलाय बघा. बकेटच्या अगदी वर, ती ज्या खांबाला जोडलीय त्याच खांबात. प्रत्येक खेपेला तो मालाबरोबर होल्डमध्ये उतरायचा आणि मालाबरोबरच वर यायचा. पकड कशी बसतेय हे त्याला समोर दिसायचं.

(दृश्य : वर्कशॉप. ग्रॅब आडवा, माथ्याचं झाकण उघडलेलं.)

आता आत बघूया, कारण खरी गंमत इथे आहे.

ही मोटर. तिला जोडलेला हा पंप. काही ग्रॅबमध्ये मोटर सतत फिरते आणि व्हॉल्व्ह तेलाची दिशा बदलतात. काहींमध्ये मोटर स्वतःच उलटसुलट फिरते: सुलट फिरली की ग्रॅब मिटतो, उलट फिरली की उघडतो, मधल्या वेळात बंद.

हा सिलिंडर. आतला व्यास 160 मिलिमीटर धरा आणि तेलाचा दाब 250 बार, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे 250 किलोंचा भार. क्षेत्रफळ भरतं सुमारे 201 चौरस सेंटिमीटर, आणि जोर होतो जवळजवळ 50 टन. एका सिलिंडरचा. अशा ग्रॅबमध्ये ते एकाहून जास्त असतात. ग्रॅब मिटल्यावर तेल मागे फिरू नये म्हणून हा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. दाब मर्यादेबाहेर गेला तर हा रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो, नाहीतर पहिल्याच अडकलेल्या दगडावर काहीतरी फुटेल.

आणि हा फिल्टर. आम्ही कॅमेरा मुद्दाम इथे जास्त वेळ ठेवला. पंपाच्या आतल्या फटी काही मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या काही हजारांश भागांच्या असतात. बाहेर खनिजाची धूळ, पाऊस, खारी हवा. एवढा जोर असलेलं यंत्र डोळ्यांना न दिसणाऱ्या कणानं आजारी पडतं. सिलिंडरच्या दांड्यावरचं सील फाटलं की धूळ तेलात जाते, तेल तापतं, तापलं की पातळ होतं, आणि पकड ढिली पडते. ऑपरेटरला वाटतं, माल कठीण आहे. फिल्टर बदलणाऱ्या फिटरचं नाव कुठल्याही टनांच्या तक्त्यात येत नाही, पण त्या तक्त्यातले आकडे त्याच्या हातावर टिकलेले असतात.

(दृश्य : भंगाराचं आवार, रात्र. पाकळ्यांचा ग्रॅब.)

इथे दोन जबडे चालत नाहीत. वाकलेले गर्डर, पत्रे, एकमेकांत अडकलेल्या सळ्या. म्हणून टोकदार पाकळ्या, आणि प्रत्येक पाकळीला आपला सिलिंडर. ही डावीकडची पाकळी पाहा. गर्डरला लागून थांबली. बाकीच्या थांबल्या नाहीत. तेल जिथे अडथळा कमी तिथे जातं, त्यामुळे प्रत्येक पाकळी आपल्यापुरती जागा शोधते आणि शेवटी सगळ्या घट्ट होतात.

(दृश्य : क्रेनची केबिन, मग केबल रील.)

केबल ग्रॅबच्या वेगानंच सुटली आणि गुंडाळली गेली पाहिजे. मागे राहिली तर गुंतते, जास्त ताणली तर तुटते. ऑपरेटरचं खरं कसब ढिगाच्या उतारावर दिसतं: तिथे दोर जास्त सोडला तर ग्रॅब कलंडतो. दोर सैल झाल्याचं ओळखणारा स्विच त्यासाठीच असतो, आणि तो कामात अडथळा येतो म्हणून कधीही बायपास करू नये.

हातफावड्यांच्या टोळ्या या कामातून जवळजवळ गेल्या. कोपऱ्यातला उरलेला माल मात्र अजूनही लोडर आणि माणसंच गोळा करतात, आणि काही मालांच्या होल्डमध्ये प्राणवायू कमी होतो, म्हणून हवा तपासल्याशिवाय कुणी उतरायचं नसतं.

(दृश्य : वर्कशॉप. वेल्डिंग, मग चाचणी.)

झिजलेली कड कापून टाकली. नवी पट्टी 400 ते 500 ब्रिनेल कडकपणाची (ब्रिनेल हे धातूचा कडकपणा मोजायचं माप). साध्या स्ट्रक्चरल पोलादाच्या तिप्पट म्हणा. वेल्डिंगआधी पट्टी तापवून घेतात, नाहीतर सांध्याला चीर जाते. मग पिन, बुश, ग्रीस. ग्रॅब मिटवून दोन्ही कडांमध्ये बॅटरीचा उजेड टाकतात. पलीकडे उजेड दिसला तर बारीक माल तिथूनच गळणार.

इथे एका टोकाला उजेड दिसला. फिटरनं ग्राइंडर उचललाय. कड पुन्हा घासली जाईल, ग्रॅब पुन्हा मिटवला जाईल, दाब पूर्ण चढवून सील तपासले जातील, आणि मग तो हुकवर चढेल.