बेलफोरचा नंबर ९० का? शेवटचं सांगतेय हां

नमस्कार मंडळी! आज परत बेलफोर. शेवटचा 'ट' म्हणायचा नाही, मागच्या व्हिडिओत मीच 'बेलफोर्ट' म्हणाले होते, झाली चूक, पुरे आता.

बेसिक पटकन उरकते. पूर्व फ्रान्समधलं डिपार्टमेंट, म्हणजे साधारण जिल्हाच, पूर्ण नाव तेरितोआर द बेलफोर, सरकारी नंबर ९०, जेमतेम ६०९ चौरस किलोमीटर, उत्तरेला व्होजचे डोंगर, दक्षिणेला जुरा आणि मधे मोकळी वाट. सैन्य आलं की इथूनच घुसणार, म्हणून किल्ला. झालं.

आता कमेंट. "ताई, हे १९१८ ला जर्मनीकडून परत मिळालं ना?" अरे, गेलंच नाही तर परत कुठून मिळणार! १८७० च्या जर्मनांशी झालेल्या युद्धात फ्रेंच कर्नल दाँफेर-रोशरोनी १०३ दिवस वेढा झेलला, सरकारचाच हुकूम आला तेव्हा फेब्रुवारी १८७१ मध्ये किल्ला सोडला. तहात जर्मनीलगतचं आल्सास गेलं, पण फ्रेंच सरकारचे प्रमुख तिएर यांनी बेलफोर राखलं आणि बदल्यात जर्मन सैन्याला पॅरिसमध्ये मिरवू दिलं. म्हणजे बेलफोर तेव्हा ज्यात होतं ते आल्सासमधलं ओ-रँ डिपार्टमेंट गेलं, हा कोपरा उरला. उरला! गेला नाही!

मग १९१८ नंतर ओ-रँ परत आलं तर हा कोपरा त्याला जोडायचा ना? नाही जोडला. पन्नास वर्षं वेगळं नांदल्यावर कोण परत एकत्र येतं? १९२२ ला स्वतंत्र डिपार्टमेंट. आजही आल्सास एका रीजनमध्ये, म्हणजे प्रांतात, आणि हे बुर्गोन्य-फ्राँश-काँतेमध्ये.

तरी पटत नसेल तर नंबर बघा. डिपार्टमेंटचे नंबर आद्याक्षरांनुसार, शेवटचं योन, ८९. कुणीतरी लिहिलंय, "तेरितोआर द बेलफोर टी वरून, म्हणून शेवटी." अहो, टी वरून असतं तर ८२ चं तार्न-ए-गारोन आणि ८३ चं व्हार यांच्या मधे बसलं असतं! हे उशिरा आलं, रांगेत शेवटी उभं राहिलं, ९० मिळाला. बस.

आणि हो, त्या वेढ्याची आठवण म्हणून केलेला सिंह. किल्ल्याखालच्या कड्याला टेकलेला, लालसर दगडाचा, २२ मीटर लांब, स्टॅच्यू ऑफ लिबर्टीवाल्या बार्तोल्दीनीच केलेला. मी मोठ्या ऐटीत "बेलफोरचा सिंह" म्हणून फोटो टाकला होता, तर खाली पहिली कमेंट, "ताई, मागे मेट्रोचा बोर्ड दिसतोय." पॅरिसमधली तांब्याची छोटी कॉपी होती ती, दाँफेर-रोशरो चौकातली.