शनिवारचे वीर आणि रविवारची सांगली

(सांगलीत झालेल्या एका व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, शनिवारी सकाळी लोळत पडून सुपरहीरोंची कार्टून्स बघितल्याची आठवण आपल्यापैकी कुणाची असणं अवघडच आहे. शनिवारी सकाळची शाळा. सव्वासातला प्रार्थना, मग मैदानावर कवायत, आणि घरी पोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलेलं. आपला हक्काचा वार रविवार. तरीसुद्धा माझ्या वयाची, म्हणजे चाळिशीच्या अलीकडची-पलीकडची माणसं व्हॉट्सअॅपवर शनिवार सकाळच्या कार्टूनच्या नावाने उसासे टाकताना दिसतात. दुसऱ्याच्या घरची आठवण आपल्याकडे कशी राहायला आली, तिथून सुरुवात करू.

अमेरिकेत शनिवारी सकाळी आईवडील उशिरा उठायचे आणि टीव्ही मुलांच्या ताब्यात असायचा. त्या वेळेला जाहिराती स्वस्त होत्या, आणि नाश्त्याला दुधातून खायची गोड सीरियल किंवा खेळणी विकणाऱ्यांना नेमकी हीच गिऱ्हाइकं हवी होती. सीबीएस वाहिनीवर फ्रेड सिल्व्हरमन नावाचा तरुण अधिकारी होता. १९६६ साली त्याने शनिवारची सकाळ सुपरहीरोंनी भरून टाकली. फिल्मेशन कंपनीचा सुपरमॅन आला, हॅना-बार्बेराचा स्पेस घोस्ट आला. पुढच्याच वर्षी एबीसीवर स्पायडरमॅन आणि फँटॅस्टिक फोर, एनबीसीवर बर्डमॅन. बघता बघता तिन्ही वाहिन्या या वीरांच्या मागे लागल्या.

हे सगळं सांगलीला पोचलं ते कंपन्यांच्या खरेदी-विक्रीमुळे. १९९१ मध्ये टेड टर्नर यांच्या कंपनीने हॅना-बार्बेरा स्टुडिओ विकत घेतला आणि त्याबरोबर जुन्या कार्टून्सचा भलामोठा साठा हाती लागला. १९९२ मध्ये त्याच साठ्यावर कार्टून नेटवर्क उभं राहिलं. १९९५ मध्ये ते भारतात आलं; दिवसभर कार्टून, आणि रात्री त्याच चॅनेलवर टीएनटी या वाहिनीचे इंग्रजी सिनेमे. आमच्या गावभागात केबलवाल्याने वायर ओढली तेव्हा बर्डमॅन तीस वर्षांचा झाला होता. आम्हाला वाटलं, ताजा माल आहे. इंग्रजी कुणाला कळत होतं? पण काही अडलं नाही.

आता माझ्या पेशाकडे येतो. मी चित्रकलेचा शिक्षक, त्यामुळे या कार्टून्सकडे मी कथेपेक्षा रेषेच्या अंगाने बघतो. फिल्म सेकंदाला चोवीस फ्रेम पळते. सात मिनिटांच्या फिल्मला दहा हजारांवर फ्रेम लागतात. दोन फ्रेमला एक चित्र धरलं तरी पाच हजार चित्रं, आणि तीही एकाच पात्राची. विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा एमजीएम या सिनेमा कंपनीत असताना टॉम अँड जेरीसाठी ही मेहनत करत होते. १९५७ मध्ये एमजीएमने तो विभागच बंद केला. मग दोघांनी स्वतःचा स्टुडिओ काढला आणि टीव्हीसाठी काम धरलं. टीव्ही जे पैसे देत होता, त्यात पाच हजार चित्रं काढणं शक्यच नव्हतं.

मग काय केलं? हे फळ्यावर बघा. (वक्ते फळ्यावर डोकं, धड आणि हात असे तीन वेगळे तुकडे काढतात.) धड एका पारदर्शक शीटवर, डोकं दुसऱ्यावर, तोंड तिसऱ्यावर. पात्र बोलायला लागलं की फक्त तोंडाची शीट बदलायची. योगी बेअर या अस्वलाच्या गळ्यात कॉलर आणि टाय का आहे? डोकं आणि धड जिथे जोडलंय ती फट झाकायला. सुपरहीरो तर या कामाला फारच सोयीचे. मुखवटा असला की चेहऱ्यावरचे भाव काढायला नकोत. उडताना शरीर ताठ, हात पुढे. मागचं आकाश सरकवलं की झालं उड्डाण. १९६७ च्या स्पायडरमॅनचा पोशाख नीट बघा. कॉमिकमध्ये अंगभर जाळीच्या रेघा असायच्या, इथे मुखवटा, हातमोजे आणि बूट सोडले तर बाकी साफ. तेवढ्या रेघा प्रत्येक चित्रात काढत बसलं तर काम वेळेत व्हायचं कसं? पुढच्या भागांत राल्फ बाक्शी हे दिग्दर्शक आले आणि काटकसर टोकाला गेली. एका भागात तर रॉकेट रॉबिन हूड या दुसऱ्याच मालिकेची चित्रं उचलून वापरली आहेत!

या काटकसरीतही खरा चित्रकार दिसतोच. स्पेस घोस्टचं रेखाटन अॅलेक्स टॉथचं. पांढरा पोशाख, काळा मुखवटा, पाठीवर पिवळी केप, बस्स. इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेच्या मुलांना मी आजही सांगतो, काय गाळायचं ते या माणसाकडून शिका.

आपल्या सांगलीत बसून हे बोलताना विष्णुदास भाव्यांचं नाव घेतल्यावाचून पुढे कसं जायचं? १८४३ मध्ये त्यांनी इथे 'सीता स्वयंवर' केलं. सगळी पदं सूत्रधार म्हणायचा, पात्रं येऊन आपापलं वेळेवर सुचेल ते बोलायची, आणि राक्षस 'अललडुर्र' करत रंगमंचावर झेपावायचे. भाव्यांनी खेळासाठी लाकडी बाहुल्याही केल्या होत्या. पुढे रामदास पाध्ये यांनी त्या पुन्हा उभ्या केल्या. बाहुलीचा चेहरा काही हलत नाही. बोलणारा बोलतो, बघणारा ते बोलणं त्या चेहऱ्यावर लावून घेतो. १९७३ च्या सुपर फ्रेंड्स या सुपरहीरोंच्या टोळीच्या कार्टूनमध्ये निवेदक हेच करायचा. पडद्यावर चित्र ढिम्म उभं, आणि हा सांगतोय की इकडे भयंकर संकट कोसळलं! ज्यांनी घरात कधी 'अललडुर्र' करून धाकट्या भावाला घाबरवलं असेल, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

माझं म्हणणं एवढंच आहे, की पैशाअभावी ती चित्रं सोपी झाली आणि सोपी झाली म्हणून ती आपल्या हातात आली. दहा वर्षांच्या पोराला बॅटमॅन जमायचा. दोन टोकदार कान, एक चौकोनी हनुवटी. एलिमेंटरीच्या तयारीला स्मरणचित्रात मी 'एसटी स्टँड' विषय दिला, तर एका मुलाने मिरज गाडीच्या टपावर स्पायडरमॅन बसवला होता. गुण कापले, कारण विषयाला सोडून होतं. पण रेघ पक्की होती. आताच्या थ्रीडी कार्टूनमध्ये केसन् केस वेगळा हलतो, बघायला सुंदर. ते वहीत काढायला घेतलेलं मूल मात्र मला वर्गात क्वचित भेटतं.

हे सगळं गोडच होतं असं मी म्हणणार नाही. १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांच्या हत्या झाल्या आणि टीव्हीवरच्या मारामारीविरुद्ध अमेरिकेत ओरड सुरू झाली. पेगी चारेन या बाईंनी पालकांची संघटना काढली. मारामारी करणारे वीर हळूहळू मागे पडले, १९६९ मध्ये स्कूबी-डू आला. वीर परतले ते सुपर फ्रेंड्समध्ये, सभ्य होऊन; सुपरमॅन कुणाला गुद्दा म्हणून मारत नाही! मला ते बेचव वाटतं, पण त्या आयांची काळजी खोटी नव्हती. १९८३ चा ही-मॅन तर मॅटेल या खेळण्यांच्या कंपनीच्या बाहुल्या विकायलाच निघालेला, आणि तो आठवड्यातून पाच दिवस दिसायचा. भागाच्या शेवटी मात्र तो मुलांना चांगलं वागायचा उपदेश करायचा. आपल्या दूरदर्शनवरही तो दिसला. आपल्याकडे ती बाहुली कुठे मिळत होती? उपदेश तेवढा फुकट मिळाला.

शक्तिमान कार्टून नव्हे, पण त्याला वगळलं तर तुम्ही मला घरी जाऊ देणार नाही. १३ सप्टेंबर १९९७ ला तो सुरू झाला, आणि तो वार शनिवार होता. म्हणजे शनिवारचा खरा सुपरहीरो आपल्याला मिळाला तो मुकेश खन्नांकडून, आणि तोसुद्धा पुढे रविवारी गेला. शेवटी शिकवण सांगायची पद्धत मात्र थेट ही-मॅनचीच.

तिकडची शनिवार सकाळही संपली. १९९२ मध्ये एनबीसीने कार्टून्स काढून टाकली. पुढे मुलांसाठी आठवड्याला तीन तास शैक्षणिक कार्यक्रम दाखवण्याचा नियम झाला, केबलवर चोवीस तास कार्टून होतीच. २०१४ च्या सप्टेंबरमध्ये सीडब्ल्यू वाहिनीने शेवटचा शनिवारचा संच बंद केला.

एका ताईंनी चिठ्ठी पाठवली आहे: मुलांना हे आता दाखवावं का? दाखवा, पण ही-मॅनपासून सुरुवात करू नका, कंटाळतील. १९६७ चा स्पायडरमॅन लावा, पहिल्या वर्षाचे भाग. मुलं हसतील, हसू द्यात. तो आकाशात झोके घेतो तेव्हा कितीदा तरी वर इमारतच दिसत नाही. तिथे थांबवून विचारा, जाळं अडकलंय कशाला? माझ्या सहावीच्या वर्गात मी विचारलं, तर मागच्या बाकावरून उत्तर आलं, "सर, विमानाला." दुसरा म्हणाला, "गप रे, विमान पुढे जाईल की."